कोकणातल्या सरकारी जंगलात फिरायचंय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दिवाळी झाली की मेसेज सुरू होतात ते मे संपेपर्यंत, आणि पाऊस लागला की धबधब्यांवाल्यांचे वेगळे. प्रश्न तेच ते असतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे जरा अडचणीचे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायला लागू नये म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. कोकणातलं जंगल सगळं सरकारीच ना? मग कुठूनही आत शिरलं तर काय बिघडलं?

सगळं सरकारी नाही, आणि जे आहे तिथेही कुठूनही शिरता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी वनजमीन फारच थोडी. गाडीतून जे हिरवंगार रान दिसतं ते बहुतेक कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं, वरकस जमीन, काजूची कलमं, नाहीतर भावकीच्या वाटण्या न झाल्यामुळे माजलेलं रान. जांभ्या दगडाचा गडगा दिसला की मालक आहे असं समजायचं, मग तो परळला राहत असला तरी. आंबोली, चौकुळ, गेळेच्या बाजूला तर कबुलायतदार गावकर (संस्थानाच्या काळात करारावर गावाकडे दिलेल्या) जमिनींचा जुना घोळ आहे, तिथे कुठलं गावाचं आणि कुठलं सरकारचं यावर गावातच दोन मतं निघतात. त्यामुळे साधा नियम, आत जायच्या आधी वाडीतल्या कोणाला तरी विचारा. नाही म्हणणारे फार कमी, न विचारता गेलात तर ओरडणारे खूप.

२. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव वन, संवर्धन राखीव… यात नक्की फरक काय? आम्हाला काय फरक पडतो?

फिरणाऱ्याच्या नजरेने सांगतो.

राष्ट्रीय उद्यान सगळ्यात कडक. आपल्याकडे चांदोली, ज्याचा काही भाग रत्नागिरी जिल्ह्यात येतो, आणि उत्तरेला बोरिवलीचं संजय गांधी. अभयारण्य त्याच्या खालोखाल: फणसाड, कर्नाळा, तुंगारेश्वर, आणि समुद्रातलं मालवण. या दोन्हींना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि त्यात परवानगीशिवाय आत जाणं हाच गुन्हा आहे, आत जाऊन तुम्ही काही केलं नसेल तरी.

राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन कायदा. तिथेही आग लावणं, झाड तोडणं, विनापरवाना घुसणं चालत नाही, फक्त गेट आणि तिकीट खिडकी नसते म्हणून लोकांना वाटतं मोकळं आहे. संवर्धन राखीव हा नवा प्रकार, तिलारी २०२० मध्ये झालं आणि आंबोली-दोडामार्ग २०२१ मध्ये. तिथे गावकऱ्यांचं जाणं-येणं, गुरं चारणं वगैरे बऱ्यापैकी चालू राहतं, पण शिकार आणि तोड अर्थातच बंद.

खाजगी रान आणि देवराई या सगळ्यात बसत नाहीत, देवरायांचं १३ मध्ये लिहिलंय.

३. पहिल्यांदाच जातोय, सोबत आई-बाबा आणि लहान मुलं आहेत. कुठे जावं?

मुंबई-पुण्याकडून येणार असाल तर कर्नाळा. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेला लागूनच गेट आहे, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य, एकूण जेमतेम १२ चौरस किलोमीटर. सपाटीच्या पायवाटा आहेत, आजी-आजोबा सावलीत बसू शकतात आणि मुलांना भृंगराज, तांबट, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक दाखवता येतो. एकच विनंती आहे, रविवारी अकरा वाजता पोचून "पक्षी कुठायत" असं विचारू नका. सकाळी गेट उघडताना पोचा, दहानंतर पक्षी झाडीत आणि माणसं पायवाटेवर असतात.

दोन दिवस असतील तर फणसाड. अलिबाग, मुरुड आणि रोह्याच्या मध्ये पसरलेलं हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावला गेट आहे आणि तिथेच वनखात्याची राहायची सोय. चिखलगाण, फणसाडगाण अशा पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटा आहेत, गारंबीच्या अजस्र वेली आहेत ज्यांच्या हातभर लांब शेंगा बघून मुलं वेडी होतात, आणि शेकरू. शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं पण प्रत्यक्ष कोणी बघितलेला नसतो. वर झाडात खडखडाट केल्यासारखा आवाज आला की थांबा आणि मान वर करा, तोच असतो. माझं मत विचाराल तर काशिदच्या बीचवर दोन दिवस घालवणाऱ्यांनी त्यातली एक सकाळ तरी इथे द्यावी.

४. परवानगी कोणाकडून घ्यायची? ऑनलाइन होतं का?

जिथे गेट आहे (कर्नाळा, फणसाड) तिथे साध्या फिरण्यासाठी गेटवरचं तिकीट हीच परवानगी. कॅमेऱ्याचे, गाडीचे पैसे वेगळे. राहायचं असेल तर आधी बुकिंग लागतं, आणि शनिवार-रविवार लवकर भरतात. दर बदलत असतात म्हणून मुद्दाम लिहीत नाही.

जिथे गेट नाही तिथे त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं ऑफिस, सगळे ज्याला रेंज ऑफिस म्हणतात ते. कागदावर अर्ज, सगळ्यांची नावं, ओळखपत्राच्या झेरॉक्स, तारीख, वाट. शुक्रवारी संध्याकाळी फोन करून शनिवारची परवानगी मागू नका, साहेब फिरतीवर असतात. प्रत्यक्ष जंगलात तुम्हाला भेटणार तो वनरक्षक, त्याच्याशी नीट बोला, त्याला माहीत असतं की गेल्या आठवड्यात कुठल्या व्हाळाला (ओढ्याला) पाणी होतं आणि गवे कुठे उतरतात. शूटिंग, रिसर्च असं काही असेल तर ते तिकिटात बसत नाही, वेगळी परवानगी.

५. कधी यावं? पावसाळ्यातच कोकण बघायचं असं सगळे म्हणतात.

काय बघायचंय त्यावर आहे. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणवठ्यावर जनावर बघायचं तर मार्च-एप्रिल, घाम निघतो पण गवत सुकलेलं असतं आणि लांबचं दिसतं. कासवांसाठी १० बघा, बेडूक-सापांसाठी ८. पावसाळ्यात जंगल सुंदर असतं हे खरं पण वाटा गच्च होतात, जळवा लागतात, व्हाळ अर्ध्या तासात गुडघ्यावरून कमरेला येतो आणि मोबाइलला रेंज नसते. पहिल्यांदा येणाऱ्याने नोव्हेंबरात यावं, पाणी पण असतं आणि चिखल नसतो.

६. टेंट टाकून राहायचंय, रात्री शेकोटी, थोडं चिकन भाजायचं. जंगलात चालेल ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि उत्तर नाही असंच आहे.

अभयारण्यात आग लावायला कायद्यानेच बंदी आहे, राखीव वनातही. टेंट फक्त वनखात्याने ठरवलेल्या जागी, तेही त्यांच्या बुकिंगवर. सूर्यास्ताआधी बाहेर पडायचं.

पण कायदा बाजूला ठेवून पण सांगतो. डिसेंबरनंतर कोकणातले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, नुसतं वाळलेलं गवत, आणि संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो. एक ठिणगी उडाली की वणवा सडा ओलांडून खाली बागेत उतरतो, आणि काजू-आंब्याच्या कलमांची दहा-पंधरा वर्षांची मेहनत एका रात्रीत जाते. शेतकरी भाजावळ करतो (पेरणीआधी जमीन भाजतो) ना मग आम्ही का नको असं पण लोक विचारतात. तो करतो ते आधी कडेने साफ करून, जाळरेषा काढून, वारा बघून, आणि तरी कधी कधी त्याच्याही हातातून सुटतं. तुम्ही तर रात्री झोपून जाणार. दारूच्या बाटल्यांचं वेगळं लिहीत नाही, काचा गुरांच्या खुरात जातात एवढं पुरे.

पर्याय आहे. गावात कोणाच्या तरी अंगणात किंवा परड्यात टेंट टाका. घरचं जेवण मिळतं, पैसे गावात राहतात, चूल पेटवायची हौस असेल तर तीही भागते.

७. वाघ, बिबट्या दिसेल का? सफारी आहे का?

ताडोबा डोक्यात ठेवून येऊ नका. इथलं जंगल दाट आणि डोंगराळ, जिप्सीत बसून जनावर दाखवायची सोय नाही आणि ते बरंच आहे. तिलारीच्या खोऱ्यात वाघाचा वावर आहे, पण दिसतो तो ट्रॅप कॅमेऱ्याला. बिबट्या सगळीकडे आहे, गावात पण आहे, दिसला तर रात्री गाडीच्या लाइटमध्ये दोन सेकंद. खरं बघायचं ते शेकरू, भेकर, धनेश, गिधाडं, समुद्री गरुड, फुलपाखरं (आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पावसानंतर भरपूर दिसतं). गव्याचं आणि हत्तीचं १८ मध्ये.

८. आंबोलीला रात्री बेडूक आणि साप बघायला नेतात म्हणे, ते कसं असतं? कायदेशीर आहे का?

असतं, आणि करण्यासारखं आहे. जून ते सप्टेंबर, स्थानिक अभ्यासक गाइड घेऊन. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन निघालं की पाच मिनिटांत काहीतरी भेटतंच. मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांवर फेसाची घरटी करतो, मलबार चापडा हा साप हिरवा-तपकिरी-नारिंगी असा वेगवेगळ्या रंगात झुडपात बसलेला असतो, आणि आंबोली टोड, हा एवढासा जीव जगात फक्त आंबोलीच्या आसपासच सापडतो आणि नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्यांची वीण असते, म्हणून डबक्यात पाय घालायचा नाही, फोटोसाठी सुद्धा नाही.

रस्त्याच्या कडेने गाइडबरोबर फिरायला अडचण नसते, राखीव वनात आत जायचं तर परवानगी लागते, गाइडला विचारा त्याने घेतलीय का. आणि एक राग आहे तो इथेच काढतो. फोटोग्राफर लोक चापड्याला काठीने उचलून चांगल्या फांदीवर बसवतात. साप पकडणं, हलवणं हे कायद्यात शिकारीतच धरलं जातं. शिवाय चापडा एकाच जागी दिवसेंदिवस भक्ष्याची वाट बघत बसतो, तुम्ही हलवलात की त्याचं जेवण गेलं. बेडूक हातात घेऊ नका, हाताला सॅनिटायझर किंवा मच्छर-क्रीम असतं आणि त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

आंबोलीतल्याच हिरण्यकेशीला गेलात तर कुंडातल्या माशांना बिस्किटं टाकू नका. तिथला एक छोटा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवीन म्हणून नोंदला गेला, नाव पण हिरण्यकेशीवरूनच पडलं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

९. देवकुंड धबधब्याला बंदी आहे का? मागच्या महिन्यात मित्र जाऊन आला.

पावसाळ्यात बहुतेक वर्षी असते. जिल्हा प्रशासन धबधब्यांसाठी मनाई आदेश काढतं, पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १६३ झालं. मित्र गेला म्हणजे बंदी नव्हती असं होत नाही, चौकी लागायच्या आधी पहाटे गेला असेल.

देवकुंडची अडचण धबधब्यापेक्षा वाटेची आहे. भिऱ्याच्या बाजूने जाताना ओढे ओलांडावे लागतात, वर घाटमाथ्यावर ढग फुटला तर खाली ऊन असताना पाणी वाढतं आणि परतीची वाट बंद. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की सामान सोडून वर चढायचं, विचार नंतर. बंदी उठल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, स्थानिक गाइड घेऊन, धबधबा तेव्हाही असतो.

आंबोली, सावडाव, नापणे, सवतसडा ही रस्त्याजवळची ठिकाणं आहेत, तिथे गर्दी हाच त्रास. माकडांना मात्र काही खायला देऊ नका, आंबोली घाटात माकडं गाड्यांखाली येतात ती खाण्यासाठी रस्त्यावर बसून राहिल्यामुळेच.

१०. वेळासला कासवाची पिल्लं कधी बघायला मिळतात? नक्की दिसतील का?

नक्की कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री किनाऱ्यावर येऊन शंभरेक अंडी घालतात. कासवमित्र पहाटे किनारा फिरून घरटी शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत हलवतात, नाहीतर कोल्हे-कुत्री फस्त करतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत बरी संधी. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलून बघतात, पिल्लं असतील तर सोडतात, नसतील तर तुम्ही सोलकढी पिऊन दुसऱ्या दिवशी परत या. निदान दोन रात्री ठेवा.

मंडणगड तालुक्यातलं वेळास सगळ्यांना माहीत आहे, दापोलीचं आंजर्ले आणि गुहागर इथेही काम चालतं आणि गर्दी कमी. दोरीच्या आत यायचं नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात घेऊन सेल्फी तर अजिबात नाही, वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमधला प्राणी आहे. पिल्लाला "मदत" म्हणून पाण्यात नेऊन सोडू नका, वाळूवरचं ते चालणं त्याला गरजेचं असतं.

ही कासवं कुठे जातात असं मुलं विचारतात. २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीवर सॅटेलाइट टॅग बसवला, नाव ठेवलं प्रथमा. आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग केलेली एक मादी २०२५ मध्ये चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे अख्खा देश वळसा घालून आली.

११. मालवणला स्नॉर्कलिंग करताना शंख, प्रवाळाचा तुकडा आणला तर चालतो का? मेलेलाच होता.

नाही. मालवण १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. लोकांना ते समुद्र आणि सिंधुदुर्ग किल्ला म्हणून माहीत आहे, अभयारण्य म्हणून नाही, हाच घोळ. प्रवाळ मेलेलं असलं तरी कायद्याने संरक्षित, आणि बरेच शंख पण त्याच यादीत. पाण्यात प्रवाळावर उभं राहू नका, दमलात तर पाठीवर तरंगा किंवा गाइडचा हात धरा. सनस्क्रीनऐवजी फुल बाह्यांचा टीशर्ट घाला.

मे महिन्याच्या २५-२६ तारखेनंतर ऑगस्टअखेरपर्यंत बोटी आणि वॉटर स्पोर्ट बंद असतात, किल्ल्यावर जाणारी होडी पण. "पाऊस नाहीये मग का बंद" असं विचारून नाववाल्यांशी भांडू नका, हातावर पोट असून ते बंद ठेवतात ते काही उगाच नाही.

१२. कांदळवनात (खारफुटीत) फिरता येतं का? ते पण वनखात्याचं?

बरंचसं हो. २००५ च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर होत गेली, २०१२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष झाला. खाजगी खाजणातली तिवरं पण तोडता येत नाहीत. फिरायचं ते होडीतून, वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बायकांच्या गटाची सफारी आहे, त्या स्वतः होडी वल्हवतात आणि माहिती पण देतात, ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बोट असते. वेंगुर्ल्याला गेलात तर पांढरी चिप्पी ओळखून घ्या, २०२० पासून ती राज्याची कांदळवृक्ष आहे.

वेळ भरतीची धरा, ओहोटीला होडी चिखलात रुतते. ॲप नसेल तर जुना हिशोब, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती. खाडी आत गेली की थोडा उशीर धरा. अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती) असते, पाणी फार चढत नाही, अमावास्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती).

१३. देवराईत जायला परवानगी लागते का?

सरकारी परवानगी बहुतेक ठिकाणी नाही, गावची लागते. पुजारी, गुरव किंवा मानकऱ्यांना विचारा. चपला कुठे काढायच्या, कुठपर्यंत जायचं, बायकांनी जायचं की नाही हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं, पटलं नाही तर जाऊ नका पण तिथे वाद घालू नका. आतली काटकी पण उचलायची नाही. याच नियमामुळे तिथे अजून बारमाही झरे आणि जुनी झाडं टिकलीत.

१४. करवंदं, जांभळं, रानभाज्या तोडल्या तर? आणि चढणीचे मासे?

अभयारण्यात काहीच काढायचं नाही, करवंद पण. बाहेर रस्त्याच्या कडेला मूठभर करवंदं खाल्लीत तर कोणी काही म्हणणार नाही, पण टोपलीभर काढायला लागलात तर म्हणतील, कारण तीच टोपली विकून कातकरी, ठाकर बायकांचा मे महिना निघतो. विकत घ्या. शेवळं, फोडशी, भारंगी माहीत नसताना तोडून शिजवू नका, शेवळं काकड (आंबट रानफळ) किंवा चिंचेशिवाय केलीत तर घसा असा खाजतो की परत नाव काढणार नाही. अळंबी तर ओळखणारा माणूस सोबत असल्याशिवाय नाहीच.

चढणीचे मासे, रायगडकडे वलगण म्हणतात ते, पहिल्या पावसात अंडी घालायलाच वर चढत असतात. गावात पूर्वापार पकडतात हे खरंय. पण अभयारण्यात मासा पण पकडता येत नाही, आणि ब्लिचिंग पावडर किंवा जिलेटीन टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, कुठेही.

१५. माकडताप म्हणजे काय? जळवा, साप, विंचू… काय काळजी घ्यायची?

माकडताप हा गोचिडींमुळे होणारा विषाणूचा ताप. सिंधुदुर्गात बांदा, सातार्डा, दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून रुग्ण सापडलेत. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. पाचोळ्यात बसू नका, लोळू नका, पँट मोज्यात खोचा, आरोग्य खातं देतं ते गोचिडी लांब ठेवणारं तेल लावा, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे धुवायला टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्रात सांगा. फिरून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या जंगलात गेला होतात ते आवर्जून सांगा. पावसाळ्यात लेप्टोचं (चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं) पण तेच, पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नका.

जळवा घाण वाटतात पण त्यांनी काही होत नाही, मीठ किंवा तंबाखूचं पाणी, बस.

साप म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणात फुरसं जास्त, एवढंसं असतं आणि दगडाच्या रंगात मिसळतं, म्हणून हात टेकायच्या आधी दगडावर बघा. चावलं तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही, चावलेला भाग हलवू न देता थेट ग्रामीण रुग्णालय. १०८ ला फोन लावा आणि गाडी असेल तर वाट बघत बसू नका. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार बसवला तेव्हापासून चित्र पालटलं, पण दवाखान्यात वेळेत पोचायला लागतंच.

१६. कर्नाळा किल्ल्यावर मधमाश्यांचा हल्ला होतो हे खरं का?

खरं. सुळक्याला आग्या मोहोळाची पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर, फटाके, आरडाओरडा, दगड मारणं, यातलं काहीही पुरतं. माश्या उठल्या तर तोंड-डोकं झाकून शांतपणे खाली झाडीत सरकायचं, हात झटकायचे नाहीत. लहान मुलं आणि ॲलर्जीवाले असतील तर किल्ला सोडा, खालच्या पायवाटा पुरेशा आहेत.

१७. ड्रोन, कुत्रा, ब्लूटूथ स्पीकर?

तिन्ही नको. ड्रोनला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि गिधाडं-गरुड घरट्यावर असताना ड्रोन गेला तर पक्षी घरटं सोडू शकतो. कुत्रा कितीही गुणी असला तरी त्याच्यापासून रोग जातात आणि बिबट्याला तो जेवण वाटतो. स्पीकरबद्दल, वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा करणं हे दोन्ही अभयारण्याच्या कलम २७ मध्येच लिहिलंय. प्लास्टिकच्या बाटल्या काही गेटांवर मोजून डिपॉझिट घेतात, परत आणून दाखवा आणि पैसे घ्या.

१८. गवा किंवा हत्ती समोर आला तर?

गवा रस्त्यात असेल तर गाडी लांब थांबवा, लाइट बारीक करा, हॉर्न नको, जाऊ दे त्याला. चालताना दिसला तर हळू मागे, त्याच्या आणि झाडीच्या मध्ये उभं राहू नका. एकटा नर जास्त तापट.

हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात उतरले. लोकांच्या माड-केळीच्या बागा गेल्या आहेत, त्यामुळे त्या गावात "हत्ती कुठे दिसेल हो" असं हसत विचारू नका. व्हिडिओसाठी मागे जाऊ नका. हत्ती पळतो तेव्हा माणसापेक्षा जोरात पळतो.

१९. प्रचितगड, वासोटा हे तर किल्ले आहेत, किल्ल्याला कसली परवानगी?

किल्ला कुठे उभा आहे ते बघा. संगमेश्वरातल्या शृंगारपूरहून चढतात तो प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात आहे. खेडकडून चोरवण्याच्या वाटेने नागेश्वर करून वासोट्याला जातात, ते कोयना अभयारण्य. दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. पायथ्याचं गाव कोकणातलं, साधं, तिथे कोणी अडवत नाही, आणि वर पोचल्यावर गस्तीवाले भेटतात तेव्हा "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही. वन्यजीव विभागाची आधी परवानगी घ्या, पावसाळ्यात वासोटा बंद असतो, मुक्काम नाही.

२०. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायला मिळतं ते आपल्याकडे आहे का?

फणसाडला होतं. वैशाखातल्या पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून येणारी जनावरं नोंदवायची. जागा थोड्या, आधी नाव द्यावं लागतं, फी असते. रात्रभर बोलायचं नाही, मोबाइल बंद, वास येणारं काही खायचं नाही, आणि मध्येच कंटाळा आला म्हणून खाली उतरता येत नाही. दहा वर्षाखालच्या मुलांना नेऊ नका, त्यांचे पण हाल आणि शेजारच्यांचे पण.

२१. जंगलात बंदुकीचा आवाज ऐकला / तारेची फासकी दिसली. काय करू?

आवाजाच्या दिशेने जाऊ नका. जिथे आहात तिथलं लोकेशन सेव्ह करा, आल्या वाटेने परत फिरा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, रेंज नसेल तर खाली आल्यावर. नाव सांगायलाच हवं असं नाही. फासकी रानडुकरासाठी लावतात पण तिच्यात बिबटे अडकून मरतात, कोकणात हे वरचेवर होतं. रिकामी फासकी असेल तर फोटो आणि जागा कळवा, स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका, पुरावा जातो. जनावर अडकलेलं असेल तर लांबूनच फोन, गर्दी जमवू नका, व्हिडिओ टाकून लोकेशन सगळ्या गावाला सांगू नका. अडकलेला बिबट्या धडपडून सुटला तर पहिला समोर तुम्हीच असता. गावात कोणी लावलीय याचा अंदाज असला तरी तिथे जाऊन बोलू नका, तुम्ही दुसऱ्या दिवशी जाल, ज्यांच्याकडे उतरलात त्यांना तिथेच राहायचंय. ते वनरक्षकाला एकट्याला गाठून सांगा.